३,००० रुपयांत बारा पोशाखांच्या उन्हाळी अ‍ॅक्सेसरीज, आणि रेखाटन न येणारी स्टायलिस्ट

कात्रणवही (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात फॅशन स्टायलिस्ट म्हणून काम करते. तीन वर्षे एका ज्येष्ठ स्टायलिस्टकडे साहाय्यक होते आणि गेल्या दिवाळीपासून स्वतंत्रपणे कामे घेऊ लागले आहे. सध्या हातात असलेले काम हातमागाच्या सुती कपड्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एका ताईंचे आहे. बारा पोशाख, दोन मॉडेल, फोटोंसाठी एकच दिवस, आणि जागा म्हणजे सासवडच्या पुढचा एक जुना वाडा व त्याच्या मागची आमराई. तारीख मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली असल्याने उन्हाबद्दल वेगळे सांगायला नको. अ‍ॅक्सेसरीजसाठी एकूण ३,००० रुपये ठरले आहेत आणि त्यावर गेलेला प्रत्येक रुपया माझ्या पदरचा असणार आहे.

माझी अडचण दुहेरी आहे. मागच्या कामाच्या वेळी मी तुळशीबागेत आणि रविवार पेठेत दोन दुपारी फिरून चौदा वस्तू घेतल्या, त्यांतल्या प्रत्यक्षात पाचच वापरल्या गेल्या. उरलेल्या नऊ वाईट होत्या असे नाही. दुकानात हातावर धरल्या तेव्हा त्या सुंदरच दिसत होत्या, पण पोशाखावर चढवल्यावर एक हार कुर्त्याच्या भरतकामात हरवून गेला, एका पिशवीचा बंद इतका लांब निघाला की पिशवी नेमकी कुर्त्याच्या खालच्या काठावर येऊन बसली, आणि ज्या रुंद कड्यांवर मी सर्वांत जास्त खर्च केला होता ती लांब बाह्यांच्या आत गेली. ते खोके अजून माझ्या पलंगाखाली आहे आणि केर काढताना ते दर वेळी झाडूला लागते.

दुसरी अडचण रेखाटनाची आहे. या वेळी ताईंनी आधीच विचारले आहे की प्रत्येक पोशाख सगळ्या साजासह अंगावर कसा दिसेल याचे साधे चित्र काढून दाखवाल का. फोनमधले फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले तर त्यांना त्यातून काही उमगत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही उमगत नाही. मी शाळेत एलिमेंटरी दिली, इंटरमीजिएटला बसलेच नाही. गेल्या वर्षी पैसे भरून एक ऑनलाइन अभ्यासक्रम केला, त्यात पहिला महिनाभर डोळे, ओठ आणि केसांच्या बटा काढायला लावल्या. आधी कळस मग पाया असा तो प्रकार होता आणि पोशाखापर्यंत पोहोचण्याआधीच मी तो सोडून दिला.

तर विचारायचे असे की, उन्हात टिकतील, फोटोत दिसतील आणि या रकमेत बसतील अशा कोणत्या वस्तू घ्याव्यात, आणि ज्या बाईला हात काढता येत नाही तिने महिनाभरात निदान कामापुरते रेखाटन शिकावे तरी कसे?

पडद्यामागची

मी मुंबईत मराठी मालिकांच्या वेशभूषा विभागात सोळा वर्षे काम करते आहे, त्यामुळे तुमचा हिशोब मला परका नाही. बारा पोशाखांना बारा संच हा विचार आधी डोक्यातून काढून टाका. मॉडेल दोन आहेत, म्हणजे कान चार आणि पाय चार. दोन जोड चपला, तीनचार जोड कानातली, दोन पिशव्या, तीन रुमाल आणि एक टोपी एवढ्या वस्तू फिरवून फिरवून वापरल्या तरी बारा पोशाख वेगळे दिसतात, कारण पाहणारा कपडे पाहतो, चपला मोजत बसत नाही. जी वस्तू किमान तीन पोशाखांवर चालणार नाही ती मी विकत घेत नाही, उसनी आणते.

मेच्या उन्हात धातू शक्यतो टाळा. पितळेत तांबे असते, घामाबरोबर त्याचा हिरवट डाग आधी गळ्यावर आणि मग पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्यावर उतरतो, आणि तो कुर्ता ताईंना नंतर विकायचा असतो हे लक्षात घ्या. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांत पुष्कळदा निकेल असते व ते काही जणींच्या त्वचेला अजिबात सोसत नाही. दुपारी बारा वाजता एका मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्याने आम्हाला पुढचे सगळे प्रसंग तिचे केस कानांवर ओढून चित्रित करावे लागले होते, तेव्हापासून मी कलाकाराला कामाच्या आदल्या दिवशीच याबद्दल विचारते. लाकडाची, करवंटीची, दोऱ्याने विणलेली किंवा कापड मढवलेल्या बटणांची कानातली हलकी असतात, तापत नाहीत आणि सुती कपड्याशी त्यांचे जमते. टेराकोटाही छान दिसते, मात्र ते जड असते आणि एकदा फरशीवर पडले की संपले.

रुमालासाठी तयार स्कार्फ घेऊ नका, मलमल मीटरवर घ्या आणि पिको करून आणा. तीन मीटरांत तीन चौकोनी रुमाल होतात. तोच रुमाल एका पोशाखावर गळ्यात येतो, दुसऱ्यावर वेणीत गुंफला जातो, तिसऱ्यावर पिशवीच्या बंदाला गुंडाळला जातो आणि चौथ्यावर पट्ट्यासारखा कमरेला. पुण्यात दुचाकीवरच्या मुली चेहऱ्याभोवती बांधतात तसा बांधूनही एक फोटो काढून पाहा, तो तुमच्या गावचा असेल आणि खोटा वाटणार नाही. छापील किंवा निळीचे कापड घेतलेत तर मात्र ओला पांढरा हातरुमाल त्यावर जोराने घासून पाहिल्याशिवाय ते कुणाच्याही गळ्यात घालू नका. निळीचा रंग धाग्याच्या वरच्या थरावर बसलेला असतो, त्यामुळे कापड कितीही चांगले असले तरी तो थोडा घासला जातोच.

टोपीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण तिथे सगळे फसतात. गवताची सैल विणीची टोपी स्वस्त मिळते आणि हातात घेतली की मोहक वाटते. डोक्यावरचे ऊन तिच्या भोकांतून खाली आले की चेहऱ्यावर कवडसे पडतात, गालावर, नाकावर, एका डोळ्यावर पांढरे ठिपके, आणि छायाचित्रकार कपाळाला हात लावतो. कुणाला तो परिणाम हवा असेल तर गोष्ट वेगळी, पण कपडे विकायच्या फोटोत तो नको असतो. टोपी घेताना ती दुकानाबाहेर उन्हात धरा आणि जमिनीवरची सावली पाहा. सावली सलग पडली तर घ्या, गाळणीसारखी पडली तर परत ठेवा. गॉगलचेही थोडेसे तसेच आहे. काच जितकी चकचकीत तितका समोर उभा असलेला छायाचित्रकार तीत स्वच्छ दिसतो. शिवाय मॉडेल दिवसभर तो वापरणार असेल तर चष्म्याच्या दुकानात अतिनील किरणांची चाचणी करून घ्या, कारण काच गडद असली आणि ते किरण अडवत नसली तर तिच्याआड बाहुली रुंदावते आणि डोळ्यात ते किरण उलट जास्त शिरतात.

आणि मोगऱ्याला विसरू नका. उन्हाळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुंदर साज तोच आहे. गजरे सकाळी घेऊन ओल्या सुती फडक्यात, वर केळीचे पान गुंडाळून ठेवा आणि अगदी कॅमेऱ्यासमोर उभे राहायच्या वेळी माळा. ते पोशाख सकाळी पहिल्यांदा घ्या, अकरानंतर पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडू लागतात आणि जवळून काढलेल्या फोटोत ते दिसते.

शिसपेन्सिल

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालो आहे. फॅशनमधले मला फारसे कळत नाही, परंतु अंगावरचे कापड कागदावर कसे उतरवावे हे मुलांना शिकवता शिकवता थोडेफार कळले आहे. आपण एलिमेंटरी दिली आहे म्हणजे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती या चारही गोष्टींशी आपली ओळख झालेली आहे, आणि आपल्या कामाला यांतली स्मरणचित्राची गरज जवळजवळ नाही. आपल्याला मनातून माणूस काढायचा नाही. समोर असलेल्या माणसावर समोर असलेली वस्तू कुठे येते एवढेच मोजून दाखवायचे आहे, आणि मोजणे शिकता येते.

आपल्या दोन्ही मॉडेलना अंगाबरोबरच्या कपड्यांत सरळ उभे करून फोटो काढा. फोन आपल्या डोळ्यांपाशी धरू नका, समोरच्या व्यक्तीच्या कमरेच्या उंचीवर धरा आणि निदान तीन मीटर मागे उभे राहा. डोळ्यांपासून आणि जवळून काढलेल्या फोटोत डोके मोठे व पाय आखूड येतात, आणि तीच चूक पुढे बाराही चित्रांत शिरते. हा फोटो ए-फोर कागदावर छापा, दिवसा खिडकीच्या काचेवर चिकटवा, वर ट्रेसिंग पेपर लावा आणि केवळ बाह्यरेषा गिरवा. चेहरा म्हणजे अंड्याचा आकार, हात म्हणजे मोजा चढवल्यासारखा आकार, बोटे नकोत. ही झाली आपली मूळ आकृती. तिच्या वीस झेरॉक्स काढून ठेवा आणि पोशाख त्यांवर रंगवा. ही नक्कल आहे असा संकोच बाळगू नका, शिंपीसुद्धा अंगाचे माप घेऊनच कापड कापतो.

आता मापाविषयी. प्रौढ माणसाची उंची साधारणपणे त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या साडेसात ते आठ पट असते. आठ धरले आणि डोके ३ सेंटिमीटरचे घेतले तर आकृती २४ सेंटिमीटरची होते आणि ए-फोर कागदावर वरखाली जागा सोडून नीट बसते. दर ३ सेंटिमीटरवर फिकी आडवी रेघ ओढा. पहिली रेघ हनुवटीवर येईल, दुसरी छातीवर, तिसरी बेंबीजवळ, चौथी मांड्या जिथे सुरू होतात तिथे, सहावी गुडघ्याच्या खालच्या बाजूला आणि आठवी तळव्याशी. पुस्तकांतल्या आणि जाहिरातींतल्या फॅशनच्या आकृत्या मात्र नऊ डोक्यांच्या किंवा त्याहूनही उंच असतात, आणि वाढवलेले ते डोके जवळजवळ सगळे पायांत घातलेले असते. आपल्यासारख्यांची फसगत इथेच होते. गळ्यातला हार नऊ डोक्यांच्या आकृतीतही जागच्या जागी दिसेल, कारण धड बदललेले नाही. पण कुर्त्याचा काठ आणि चप्पल यांच्यामधले अंतर, पिशवीच्या बंदाची लांबी, पैंजण, हे सगळे खोटे दिसेल. आपली ती पिशवी कुर्त्याच्या काठावर येऊन बसली ना? मूळ आकृतीवर खांद्यापासून बंदाची लांबी त्याच प्रमाणात टाकून पाहिली असती, तर ते कागदावरच दिसले असते. मॉडेलची उंची १६० सेंटिमीटर असेल आणि आकृती २४ सेंटिमीटरची, तर कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साधारण पावणेसात सेंटिमीटर. दुकानात जाताना आकृती आणि टेप दोन्ही पिशवीत ठेवा. वस्तू मोजा, पावणेसातने भागा, आकृतीवर टाका, मग पैशांचे बघा.

आकृती उभी राहिल्यासारखी वाटत नसेल तर ओळंबा टाका. गळ्याच्या खळग्यातून सरळ खाली सोडलेली रेघ ज्या पायावर भार आहे त्या पायाच्या टाचेजवळ उतरली पाहिजे. भार एकाच पायावर असेल तेव्हा त्या बाजूचा कटिभाग वर जातो आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. एवढे साधले की उरलेली आकृती कशीही असली तरी ती पडत नाही.

कापडासाठी एक जुना अभ्यास सांगतो, जो मी नववीच्या मुलांना देत असे. भिंतीला एक खिळा ठोका आणि त्यावर पंचा अडकवा. सगळ्या चुण्या त्या एका बिंदूपासून पंख्यासारख्या निघतात. आता दुसरा खिळा ठोका आणि पंच्याचे दुसरे टोक तिथे अडकवा. मध्ये झोळ पडतो आणि चुण्या दोन्ही खिळ्यांकडून त्या झोळात उतरतात. माणसाच्या अंगावरचे खिळे म्हणजे खांदे, छाती, कोपर आणि कटी. कापड तिथे टांगलेले असते, बाकी ठिकाणी ते केवळ पडत असते. मग तोच पंचा खळ घालून वाळवा आणि पुन्हा काढा. खळ घातलेल्या सुती कापडाच्या घड्या कोनात मोडतात, मलमलीच्या गोलाकार वळतात, आणि हा फरक दाखवायला तीन-चार रेषा पुरतात. किती कमी रेषांत हे होते ते पाहायचे असेल तर जुन्या ‘दीपावली’ अंकांवरची दीनानाथ दलालांची चित्रे समोर ठेवून केवळ पदराच्या रेषा उतरवून काढा. त्याच्या उलट, प्रत्येक समाजाची स्त्री लुगडे कसे नेसते हे बारकाईने पाहायचे असेल तर महादेव विश्वनाथ धुरंधरांची चित्रे पाहा. मी स्वतः काष्ट्याची घडी नेमकी कुठून निघते हे धुरंधरांकडूनच शिकलो, घरात आई नेसत असे तरी!

शेवटी कामाची रीत. एकेका पोशाखाचे मोठे चित्र लगेच काढू नका. बोटाएवढ्या सहा आकृत्या एका कागदावर काढून पोशाखाचा केवळ काळा आकार भरा, आणि अ‍ॅक्सेसरी एकाच रंगाच्या पेन्सिलीने टाका. डोळे बारीक करून पाहा. तो रंगीत ठिपका ज्या आकृतीत आपल्या जागी शोभतो तीच मोठी करा आणि कडेला कापडाचे कात्रण टाचून ग्राहकाला दाखवा. आपले टोपणनाव पाहता कात्रणांची कमतरता नसावी.

घडी_आणि_चुणी

मी फॅशन डिझाइनची पदवी घेतली आहे आणि सरांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, फक्त नऊ डोक्यांची थोडी बाजू घेते. ती आकृती खोटी आहे हे काढणाऱ्यालाही ठाऊक असते. कापडाचा घेर आणि पडणे दाखवायला जास्त जागा मिळावी म्हणून ती लांबवलेली असते, आणि जिथे कल्पना विकायची आहे तिथे ती उपयोगी पडते. कात्रणवहीला मात्र माप दाखवायचे आहे, त्यामुळे तिच्यासाठी आठच बरी.

एक गोष्ट सरांनी सांगितलेली नाही. पोशाख अंगाशिवाय, टेबलावर सपाट पसरल्यासारखा काढायलाही शिका. कागद उभा दुमडून अर्धाच कुर्ता काढायचा, दुमडलेलाच खिडकीच्या काचेवर धरून दुसऱ्या अर्ध्यावर गिरवायचा, की उघडल्यावर दोन्ही बाजू हुबेहूब येतात. गळ्याची खोली, बाहीची लांबी, खिसे, बटणे सगळे त्यात स्पष्ट राहते. तुमची रुंद कडी लांब बाहीत गेली ती या चित्रात पाच मिनिटांत सापडली असती.

रेखाटनाला वेळ द्यायचा कंटाळा आला तर भानू अथैयांची आठवण ठेवा. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, १९८३ साली, ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी. जे.जे. कला विद्यालयात चित्रकला शिकून त्यांनी सुरुवात केली ती स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटने काढण्यापासून, आणि कपडे प्रत्यक्ष तयार करण्याकडे त्या त्यानंतर वळल्या.

रंकाळ्याकाठी

भानू अथैया माहेरच्या राजोपाध्ये, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या, आणि वर सरांनी ज्यांचे नाव घेतले ते धुरंधरही कोल्हापुरातच जन्मलेले. एवढा अभिमान मिरवून चपलांकडे वळतो, कारण या धाग्यात चपला दोन शब्दांत उरकल्या आहेत आणि ते मला पाहवत नाही.

सुती कपड्यांवर मे महिन्यात खरी कोल्हापुरी घ्या, रेक्झिनची नको. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले चामडे घाम शोषते, रेक्झिनमध्ये पाय भिजतो आणि घसरतो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि उगमाचा उल्लेख केला नाही म्हणून इथे केवढा गदारोळ झाला हे सर्वांना आठवत असेलच. नंतर त्या चपलांचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे प्राडाने मान्य केले.

तुमच्या कामापुरते सांगायचे तर चप्पल आठ दिवस आधी घ्या. नवी कोल्हापुरी चावते. अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला रोज रात्री एरंडेल किंवा खोबरेल बोटाने चोळून तिला तेल पाजा आणि दिवसा घरात थोडी घालून फिरा, पण तेल लावलेली चप्पल पांढऱ्या कपड्यांजवळ ठेवू नका. आमराईत झाडांना पाणी सोडले असेल तर चिखलात घालू नका, भिजलेला तळ फुगतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. आणि मॉडेलच्या पायांचे माप कागदावर पाऊल ठेवून घ्या, अंदाजाने नको. टाच मागे लोंबणारी चप्पल फोटोत सर्वांत आधी दिसते.

कात्रणवही

सर्वांना उशिरा उत्तर देते आहे, त्याबद्दल क्षमस्व. मधले अठरा दिवस मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून होते आणि घरचे लोक ताटे मांडीवर घेऊन जेवत होते.

पहिल्या चार दिवसांत काढलेले काहीही दाखवण्यासारखे नाही. पाचव्या दिवशी दोन्ही मॉडेलचे फोटो कमरेच्या उंचीवरून काढून आकृत्या गिरवल्या आणि मग गाडी रुळावर आली. दोघींपैकी एकीचे पाय दुसरीपेक्षा लांब आहेत हे मी प्रत्यक्ष दोनदा भेटूनही पाहिले नव्हते, ते कागदावर दिसले, आणि त्यामुळे तीन पोशाख एकीकडून दुसरीकडे दिले. पुढचा धक्का हारांचा होता. बाराही कुर्ते व झगे सपाट काढून झाल्यावर लक्षात आले की सात पोशाखांच्या गळ्यापाशी भरतकाम किंवा बटणांची पट्टी आहे, म्हणजे तिथे हाराला जागाच नाही. मी यादीत पाच हार लिहून ठेवले होते. ते सगळे खोडले आणि त्यांच्याऐवजी कानांकडे व हातांकडे लक्ष दिले.

पलंगाखालचे खोकेही बाहेर काढले. त्यातल्या नऊ वस्तूंची मापे घेऊन आकृतीवर टाकली तेव्हा चार वस्तू या वेळच्या पोशाखांवर बसतात असे निघाले. ज्या पिशवीच्या बंदाला मी इतकी नावे ठेवली होती तिच्या बंदाला मध्ये एक गाठ मारली तर ती नेमकी कटीवर येते. रुंद कडी बिनबाह्यांच्या झग्यावर जाणार आहेत.

हिशोब असा झाला. मलमल तीन मीटर २७० रुपये आणि पिको ६०, कोल्हापुरीचे दोन जोड १,२००, घट्ट विणीची टोपी २८०, लाकडाची आणि दोऱ्याची मिळून तीन जोड कानातली २१०, उरलेल्या खणाच्या कापडाची एक बटव्यासारखी पिशवी १८०, आणि गजऱ्यांसाठी १५० बाजूला ठेवले आहेत. एकूण २,३५०. टोपी मी लक्ष्मी रोडवर दुपारी दोन वाजता दुकानाबाहेर नेऊन फुटपाथवर सावली पाडून पाहिली. दुकानदाराने मला आधी वेड्यात काढले आणि तिसऱ्या टोपीला स्वतःच बाहेर येऊन सावली पाहू लागला. पडद्यामागची ताई, निळीच्या मलमलीची चाचणी तुम्ही सांगितल्याप्रमाणे केली आणि हातरुमाल आकाशी झाला, म्हणून तो रंग सोडून हळदीचा पिवळा घेतला.

बाराही चित्रे काल ताईंना दाखवली. त्यांनी त्यांतल्या दोनवर पेन्सिलीने स्वतःच खुणा केल्या, एकीत रुमाल गळ्यातून काढून वेणीत नेला आणि दुसरीत टोपीच खोडली, कारण त्या झग्याच्या खांद्यावरची चुणी टोपीच्या सावलीत जाईल असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते सुचले नव्हते. फोनवरचे फोटो दाखवत होते तोवर त्यांनी एकदाही असे काही सांगितले नव्हते.

फोटो काढायला अजून चार दिवस आहेत. तीन आकृत्यांचे फोटो खाली जोडते आहे. सर, तिसरी आकृती मला सतत डावीकडे कलंडल्यासारखी वाटते. ओळंबा टाकून पाहिला, तरी ती कलंडतेच.

शिसपेन्सिल

ओळंबा आपण बरोबर टाकला आहे, परंतु तो उजव्या पायाच्या टाचेशी उतरतो आहे आणि आपण डावी कटी वर उचललेली दाखवली आहे. भार उजव्या पायावर असेल तर उजवी कटी वर हवी. फोटोत पाहा, झग्याची चुणी उजव्या कटीवर ताणली गेलेली आहे, गिरवताना ती रेष आपण सोडून दिली. कटीची तिरपी रेघ उलटी करा आणि डाव्या पायाची टाच किंचित वर घ्या. दुसऱ्या आकृतीतला मलमलीचा रुमाल चांगला उतरला आहे, त्याला आता हात लावू नका.